आठवी नळी

वेंडेलीनने पेटती काडी गॅसच्या नळीच्या तोंडाशी नेली. ज्योत उठली, नेहमीसारखीच पिवळी, काजळी ओकणारी. पलीकडे उभ्या डॉक्टर आमराइननी नाक मुरडलं.

"झालं. पुन्हा तेच."

"जरा दम धरा, डॉक्टरसाहेब. बुडाशी हवेसाठी दोन भोकं पाडलीत, ती उघडू तर द्या."

आधीच्या सात नळ्या भंगारात गेल्या होत्या. हायडेलबर्गच्या नव्या प्रयोगशाळेला काजळी न धरणारी ज्योत हवी होती, आणि ती घडवायचं काम या पन्नाशीच्या मिस्त्रीकडे होतं. त्याला मात्र वेगळाच घोर लागला होता. नाताळापासून त्याचे डोळे दगा देत होते. ही भोकंसुद्धा त्याने बोटांनी चाचपून पाडली होती. बायकोखेरीज कुणाला पत्ता नव्हता. पण सातव्या नळीचे आटे तिरके गेले, तेव्हा डॉक्टर त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले होते.

त्याने बुडाचं कडं फिरवलं. भोकं उघडली. पिवळा रंग आक्रसला, निळसर झाला आणि गेला. खिडकीतून दुपारचं ऊन थेट मेजावर पडलं होतं. नळीच्या तोंडावर काहीच नव्हतं. पण फरफर आवाज चालूच होता आणि चेहऱ्याला धग लागत होती. म्हणजे ज्योत होती. त्यालाच ती दिसत नव्हती.



"मिस्त्री," डॉक्टर हळूच म्हणाले, "ज्योत कशी दिसतेय तुम्हाला?"

हे विचारणं साधं नव्हतं. ‘छान’ म्हटलं असतं, तर आजचा दिवस निभावला असता. बायकोने, अपोलोनियाने, सकाळी बजावलंही होतं, "कुणी विचारलंच तर नुसती मान डोलव." पण उद्या याच नळीपाशी विद्यार्थी बसणार होते. नजर गेलेल्या माणसाने घडवलेली आग त्यांच्यापुढे ठेवायला त्याचं मन घेईना.

"दिसत नाही, डॉक्टरसाहेब. माझे डोळे गेलेत. दुसरा माणूस बघा."

 डॉक्टरांनी मेजावरचा एक खिळा चिमट्यात पकडला आणि नळीवरच्या रिकाम्या हवेत धरला. बघता बघता खिळा लालबुंद झाला. ना धूर, ना काजळी. ती लाली वेंडेलीनला स्वच्छ दिसली.

डॉक्टरांनी चिमटा मेजावर ठेवला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "मलाही दिसत नाही. इतकी स्वच्छ ज्योत या उन्हात कुणालाच दिसायची नाही."