झाकणातली तारीख

बाबांच्या बंद दुकानासमोरच जुन्या वाफयंत्रांच्या काळासारखं नटायचा स्टीमपंक महोत्सव भरला होता. पितळी चक्रं, चामडी टोप्या, वाफ सोडणारी सोंगं. बाबांनी दिलेलं घड्याळ धरून आई पायरीवर बसली होती. बाबा घड्याळजी; प्रत्येक घड्याळाच्या झाकणात पुढच्या तेलपाण्याची तारीख कोरायचे. ते गेल्यापासून घड्याळ बंद. आई कुणाला चावी देऊ देईना. “जत्रा बघायला आलीस की राखण करायला?” मी विचारलं. तिने झाकण उघडलं. आत आजचीच तारीख. “त्यांनी बोलावलंय गं.” गर्दीतून तांब्याचा मुखवटा घातलेला एकजण आला. आईने आपणहून पुढे केलेलं घड्याळ त्याने घेतलं, काचेवर तीनदा फुंकर मारली, अगदी बाबांसारखी. चावी देताच घड्याळ टिकटिकलं. मी पुढे सरकले. “काका, कोण तुम्ही?” त्याने मुखवट्याला हात घातला. आईने तो हात धरला. “नका काढू हो. देव तरी कुठे चेहरा दाखवतो? पावला की झालं.”