चंद्रीचे रविवार

जयसिंगरावांच्या चंद्री घोडीनं शिवाजीनगरात अठरा वर्षं नवरदेव मिरवले. मग तिची नजर गेली आणि वराती बंद झाल्या. विकत घ्यायला एकच गिऱ्हाईक आलं, आणि ते तिला कुठं नेणार हे विचारायची जयसिंगरावांची छाती झाली नाही. बायको म्हणाली म्हणून ते घोडीला घेऊन जवळच्या कॉन्व्हेंटच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

म्हाताऱ्या सिस्टर फिलोमिना बाहेर आल्या. जयसिंगराव घाईनं म्हणाले, "वय झालंय सिस्टर, पण बागेची माती वाहील. थोडंफार काम देईल अजून."

"काम नको, अण्णा." सिस्टरनी चंद्रीच्या कपाळावर हात ठेवला. "आमच्या देवानं विश्रांतीचा दिवस नेमून दिला, तेव्हा माणसांबरोबर जनावरांचंही नाव घेतलं. हिचे सगळे रविवार राहून गेलेत."

त्यांनी लगाम काढून घेतला. चंद्री हुंगत हुंगत गवतावर गेली, गुडघे मोडून खाली बसली आणि चारही पाय वर करून मनसोक्त लोळली.

जयसिंगरावांनी हात जोडले. आपल्या घोडीला लोळायला आवडतं, हे त्यांना आज कळलं होतं.