आवडाबाईचं मौन

"नवऱ्याचं नाव काय?" डॉक्टर दांडेकरांनी पुन्हा विचारलं.

आवडाबाई खाली मान घालून बसून राहिली. कल्याणच्या त्या लहानशा मनोरुग्णालयात आल्यापासून ती कुणाशीच बोलली नव्हती.

"स्मृती गेलीय. सोमवारपासून विजेचे झटके सुरू करू," डॉक्टर म्हणाले.

दाराशी उभ्या असलेल्या काळुरामनं हात जोडले. "तुमी म्हनाल तसं, सायब. घरवाली बरी झाली पायजे." दर रविवारी तो खाडीपलीकडच्या गावाहून तांदळाची भाकरी आणि सुकी मासळी घेऊन यायचा. आल्या आल्या विचारायचा, "काय बोलली का?"

सुमती नुकतीच बंगलोरहून मानसोपचार शिकून आली होती. तिथल्या पुस्तकांत लिहिलं होतं, रोग्याला समोर बसवा आणि सरळ विचारा. तिनंही तसंच करून पाहिलं होतं. आज मात्र तिला स्वतःचीच आई आठवली. आईनं जन्मात कधी वडिलांचं नाव घेतलं नव्हतं. परक्या पुरुषानं टेबलापलीकडून विचारलं असतं, तर तीही अशीच गप्प बसली असती.

"झटके थोडे दिवस थांबवा," ती डॉक्टरांना म्हणाली. "मी आपल्या रीतीनं विचारून बघते."

"बघा. पण पुढच्या रविवारपर्यंतच."

पुढच्या रविवारी तिनं बायकांच्या खोलीत सतरंजी अंथरली, हळदीकुंकवाचा घाट घातला. पुरुषांना बाहेर काढलं. काळुराम व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला.

आधी सुमतीनं लाजत उखाणा घेतला. मग गोदूबाई आयेनं ऐटीत घेतला. महिनोन् महिने भिंतीकडे तोंड करून बसणारी हौसाबाईसुद्धा चार ओळी पुटपुटली, तेव्हा खोलीत हसू पसरलं. आवडाबाई एकेकीकडे टक लावून पाहत होती. तिचे ओठ हलू लागले होते.

सुमती कुंकवाचा करंडा घेऊन तिच्यापुढे बसली.

"आता तुमची पाळी. इथं सगळ्या आपल्याच आहेत. नाव घ्या."

तिनं कुंकवाचं बोट पुढे केलं. आवडाबाईनं तिचं मनगट धरलं.

"नको, बाय." किती दिवसांनी फुटलेला तो आवाज घोगरा होता. "रांडमुंड बाईला कुनी कुकू लावतं का?"

सुमतीला हसावं की रडावं कळेना. बाई बोलली होती! तिनं हळूच समजावलं, "असं अभद्र बोलू नये. तुमचे यजमान बाहेर बसलेत ना, भाकरी घेऊन."

आवडाबाईनं दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"तो दीर हाय माझा. धन्याला त्यानंच खाडीत लोटला, माझ्या डोळ्यांदेखत."