खिशाची गोधडी

जुनी गोधडी पसरून ‘ही माझ्या आईची’ म्हटलं की बायका विरघळतात आणि पुढच्या गावचं बोलावणं तिथंच पक्कं होतं, हा हिशेब मंदाकिनीताईंना चांगला जमला होता. येवल्यापासून नाशिक रोडपर्यंत त्या एसटीनं फिरून गोधडी शिकवत. गोधडी बोहारणीकडून घेतलेली आहे, ही गोष्ट तेवढी एसटीतच ठेवून उतरत.

निफाडच्या वर्गातही त्यांनी ती पसरली. मधोमध शर्टाचा एक अख्खा खिसा शिवलेला होता.

“आई यात लवंगा ठेवायची,” ताई खिशावरून हात फिरवत म्हणाल्या.

“लवंगा नाय, खडीसाखर,” मागच्या रांगेत बसलेली कौसाबाई बोलून गेली. “रातच्याला मला खोकला लागला की काढून द्यायची.”

सगळ्या वळून बघायला लागल्या. पुढं येऊन कौसाबाईनं खिशावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

“माझ्या आईचीबी अश्शीच होती. तिचं तेरावं झालं आन् मीच ती बोहारणीला देऊन पातेलं घेतलं.”

“बघ, याला म्हणतात लेक!” शेजारणीनं ताईंकडं बोट दाखवून तिला टोमणा मारला. “कशी जपलीय आईची!”

खरं ताईंच्या ओठांपर्यंत आलं. पण त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला, आणि तो काही केल्या ओवला जाईना.

खोटं बोलल्या होत्या ताई. पण वर्ग संपेपर्यंत मान खाली घालून बसली ती कौसाबाई.