गिअरची काळजी

"खालच्या गुलाम हुसेन चाचांना गाडीवरून काही बोलू नकोस," सासूबाईंनी बजावलं होतं. मी ऐकलं नाही. रोज सकाळी ते जुनी फियाट घरघरवतात आणि कसंबसं झोपलेलं बाळ उठतं. "नुसती उभी ठेवली तर इंजिनातल्या डिस्ट्रिब्युटरचा गिअर कोरडा पडून झिजतो, बेटी," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

माझा गॅरेजवाला भाऊ विकी म्हणाला, "उलट आहे ताई! थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं. असं रोज चालू-बंद केलं तर गिअर जास्तच झिजेल." तेच मी चाचांना सुनावलं.

"मालूम है, बेटी. पण गाडी चालू केली की तू भांडायला तरी खाली येतेस."


सध्या मी माहेरी आलेय. माझ्या सासरकडे, टेमघरला कोणी असाल, तर सकाळी चाचांशी जरा भांडून याल का?