आबा आले

सासूने दोन दिवसांपासून दिपमालेला माडीवरच्या खोलीत कोंडलं होतं. सकाळी तिने लपवलेल्या मोबाइलवरून नरडाण्याला बापाला फोन केला, "आबा, माले घर लई जा. आठे मारतस." तेव्हापासून ती खिडकीच्या कट्ट्यावर बसून पिंप्राळ्याचा रस्ता न्याहाळत होती.

दुपारी आबा रिक्षातून उतरले. आता सुटले, म्हणून तिला रडू फुटलं.

खाली दारातच सासू आबांना म्हणाली, "सून बाजारात गेली हो, भाऊ."

दिपमालेने गजांना तोंड लावून जिवाच्या आकांताने हाक मारली, "आबा, मी आठे शे! वर!"

आबांनी मान वर केली. तिचा सुजलेला चेहरा नीट पाहिला.

 

मग नजर खाली वळवून ते सासूला म्हणाले, "बाजारातून आली की सांगा विहीणबाई, बाप येऊन गेला."