पाच नंबरची बादली

"हात बघ तुझा, अजून थरथरतोय," हाल्डिस म्हणाली. "मासा गुंगीत आहे, उग्ने. तो काही चावत नाही तुला."

उग्ने कसनुसं हसली आणि गुंगीचं औषध घातलेल्या पाण्यातून पुढचा वीतभर सॅमन उचलला. मागच्या परांच्या जरा पुढे, पोटाच्या मध्यावर लसीची सुई टोचायची आणि मासा टाकीत सोडायचा. हाल्डिस सव्वीस वर्षं हेच करत होती. फियोर्डच्या चिंचोळ्या खाडीच्या या काठावर तिच्याइतका सराईत हात दुसरा नव्हता. हल्ली दिवे मेले मिणमिणते लावतात, एवढीच तिची कुरकुर होती.

गेल्या महिन्यात चार आणि पाच नंबरच्या टेबलांवरचे मासे टोचल्यावर पटापट मेले. सुई खोल जाऊन आतड्यात घुसली होती. चार नंबर हाल्डिसचा, दोघींची टाकी एकच, पण सगळ्यांनी बोट दाखवलं ते पाच नंबरच्या उग्नेकडे. लिथुआनियाहून येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते.

म्हणून आज मुकादम तोर्गेरनं प्रत्येकीला वेगळी बादली दिली होती, झाकणावर टेबलाचा नंबर. टोचलेले दहा मासे तिच्यात ठेवायचे. कॉफीनंतर तो ते चिरून पांढरी लस कुठे उतरलीय ते बघणार होता. पाच नंबर खराब निघाला तर उग्नेला घरी पाठवीन, असं त्यानं सकाळीच बजावलं होतं.

कॉफीच्या वेळी उग्ने पावावरचं तपकिरी चीज नुसतं कुरतडत बसली.

"पोरगी आत्ता कुठे शाळेत रुळलीय," ती म्हणाली. "परवा चक्क नॉर्वेजियनमध्ये भांडली माझ्याशी. आता परत जायचं म्हणून कसं सांगू तिला?"

"काही सांगू नकोस. खा आधी."

 हात धुवायच्या निमित्तानं हाल्डिस उठली, आत गेली आणि चार अन् पाच नंबरची झाकणं अदलाबदल करून आली. आपली एक बादली खराब निघाली तर तोर्गेर फार तर दोन दिवस गाल फुगवून बसेल. सव्वीस वर्षांच्या बाईला कोण काढतंय?

तोर्गेरनं चार नंबरपासून सुरुवात केली. दहाही मासे चिरले. लस अगदी जागच्या जागी.

"याला म्हणतात हात," तो म्हणाला. "शिका जरा म्हातारीकडून."

हाल्डिसला हसू आवरेना. म्हणजे उग्नेला जमतंय की! आपण उगीच चोरपावलांनी गेलो. तिनं उग्नेकडे बघून डोळा मिचकावला.

मग त्यानं पाच नंबर उघडला. पहिला मासा चिरला, दुसरा चिरला. सहाव्यानंतर त्यानं मान वर केली.

"सगळ्यांची आतडी फुटलीत. उग्ने, मी सांगितलं होतं तुला."

 उग्ने एप्रनची गाठ सोडू लागली.

"थांब, उग्ने," हाल्डिस म्हणाली. "तोर्गेर, ते मासे माझे आहेत."